मेडिकेअरचे दिवस संपल्यावर सासूबाईंचं काय? न्यू जर्सीतल्या एका सुनेला उत्तर

पत्र:

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. सासरे गेल्यावर त्या २०१८ साली ग्रीन कार्डवर आमच्याकडे न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत आल्या. स्पॉन्सर माझे यजमान. मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे, ए आणि बी दोन्ही भाग हप्ता भरून घेतले आहेत, वरचा कुठलाही विमा नाही. रविवारी रात्री त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी आहे, बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. आज बुधवार. हॉस्पिटलने सोळा रिहॅबची, म्हणजे पुनर्वसन केंद्रांची, यादी हातात दिली आणि उद्या दुपारपर्यंत नाव सांगा म्हणाले. ओळखीचे म्हणतात मेडिकेअर १०० दिवस देतं, मग काळजी नाही. पण त्यानंतर? दिवसभराची बाई ठेवायची तर माझा अर्धा पगार जाईल. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पुण्याचा फ्लॅट विकला आणि साधारण ६०,००० डॉलर आम्हाला घरासाठी दिले. पुण्यात अजून नऊ लाखांच्या ठेवी आहेत. त्या मुलाच्या नावावर करून मेडिकेड (कमी उत्पन्न आणि मालमत्ता असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्ययोजना) घ्या, असं शेजाऱ्यांनी सुचवलं. राज्य सरकारकडून नेमकं काय मिळतं, कोणाला विचारायचं? आणि मी नोकरी सोडावी का?

उत्तर:

ठेवींना तूर्त हात लावू नका आणि राजीनामाही देऊ नका. या दोन गोष्टी झाल्या तर मागे फिरणं अवघड जातं. बाकी सगळं पुढच्या काही दिवसांत मार्गी लावता येईल, पण क्रम महत्त्वाचा आहे. मेडिकेअरचे दिवस चालू असतानाच राज्याकडचं काम सुरू करायचं असतं. बहुतेक घरं ते दिवस संपल्यावर जागी होतात आणि मधले दोन-तीन महिने स्वतःच्या खिशातून भरतात.

यादीतलं नाव सांगण्याआधी हॉस्पिटलच्या केस मॅनेजरला दोन प्रश्न विचारा. पहिला: "सासूबाई इनपेशंट (आंतररुग्ण) म्हणून कधीपासून दाखल आहेत?" नर्सिंग होममधल्या (इथे छोटं हॉस्पिटल नव्हे, देखभालीची निवासी संस्था) रिहॅबचा खर्च मेडिकेअरने द्यावा यासाठी सलग तीन दिवस इनपेशंट मुक्काम लागतो. इमर्जन्सीतली रात्र आणि 'ऑब्झर्व्हेशन'चे तास त्यात धरत नाहीत, सुट्टी मिळण्याचा दिवसही धरत नाहीत. पलंग तोच, डॉक्टर तेच, औषधं तीच, तरी कागदावर माणूस बाह्यरुग्ण असू शकतो. २४ तासांहून जास्त ऑब्झर्व्हेशनवर ठेवलं तर तसं लेखी कळवणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. रविवारी रात्रीच्या कागदांत तसं पत्र आहे का ते पाहा. असेल, आणि तीन दिवस भरत नसतील, तर डॉक्टरांशी आजच बोला, घरी गेल्यावर नाही.

दुसरा प्रश्न पक्षाघातात जास्त मोलाचा, आणि तो कोणीच विचारत नाही: "अॅक्यूट रिहॅबचा विचार झाला का?" रिहॅब दोन प्रकारचं असतं. तुमच्या हातातल्या यादीत बहुधा सबअॅक्यूट रिहॅब, म्हणजे नर्सिंग होममधलं, आहे. तिथे थेरपी कमी वेळ मिळते. अॅक्यूट रिहॅब हे हॉस्पिटलच असतं. तिथे साधारणपणे रोज तीन तास, आठवड्यातून पाच दिवस थेरपी आणि डॉक्टरांची जवळून देखरेख असते. त्यासाठी तीन दिवसांच्या मुक्कामाची अट नाही. शिवाय तो मुक्काम हॉस्पिटलच्याच बेनिफिट पिरियडमध्ये, म्हणजे मेडिकेअरच्या त्याच हिशोबाच्या काळात, मोजला जातो, त्यामुळे डिडक्टिबल (सुरुवातीला स्वतः भरायची रक्कम) पुन्हा भरावं लागत नाही. रोजचे तीन तास झेपतील का, हे रिहॅबचे डॉक्टर, म्हणजे फिजियाट्रिस्ट, तपासून सांगतात. ती तपासणी लेखी मागा. "समजतं सगळं" हे तुमचं वाक्य त्यांच्या बाजूचं आहे, कारण सूचना समजून घेणारा पेशंट अॅक्यूट रिहॅबला योग्य ठरण्याची शक्यता वाढते. नाव सांगण्याचा अधिकार तुमचा आहे. हॉस्पिटल यादी देतं, निवड लादू शकत नाही.

नर्सिंग होम निवडायचं झालंच तर मेडिकेअरच्या संकेतस्थळावर 'केअर कंपेअर' उघडा. एकूण तारे पाहून ठरवू नका. त्या ताऱ्यांमागे तीन आकडे असतात: तपासणी, कर्मचारी, गुणवत्ता. गुणवत्तेतला बराच भाग संस्थेनेच पाठवलेल्या माहितीवर उभा असतो, म्हणून तिथे पाच तारे सहज दिसतात. तपासणीचे तारे राज्याच्या निरीक्षकांच्या अहवालांवरून ठरतात, त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवा आणि मूळ अहवाल उघडून वाचा. शनिवार-रविवारी किती नर्स असतात आणि वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले, हे दोन आकडेही तिथेच सापडतात. शक्य असेल तर यजमानांना संध्याकाळी सातच्या सुमारास प्रत्यक्ष पाठवा. न्यू जर्सीत २०२१ पासून कायद्याने प्रमाण ठरलेलं आहे: दिवसा ८ रहिवाशांमागे एक नर्स एड (मदतनीस), संध्याकाळी १० मागे एक, रात्री १४ मागे एक थेट सेवा देणारा कर्मचारी. त्या दिवशीची संख्या दर्शनी भागात लावावी लागते. ती पाटी वाचा आणि मग मजल्यावर माणसं मोजा.

प्रवेशाच्या वेळी वीस-तीस पानं पुढ्यात येतील. त्यात 'रिस्पॉन्सिबल पार्टी' अशा शीर्षकाखाली तुमची किंवा यजमानांची सही मागतील. फेडरल नियमाने नर्सिंग होमला प्रवेशाची अट म्हणून नातेवाइकांची वैयक्तिक हमी मागता येत नाही. सासूबाईंच्या पैशांतून बिल भरण्याची जबाबदारी घेणं वेगळं, स्वतःच्या खिशातून भरण्याची हमी देणं वेगळं. सही करताना नावापुढे "सासूबाईंच्या वतीने" असं लिहा आणि हमीचं कलम असेल तर त्यावर रेघ मारा. लवादाचा करारही (वाद कोर्टाऐवजी लवादाकडे नेण्याचा) ऐच्छिक असतो. त्यावर सही न केल्याने प्रवेश अडत नाही, आणि केली असेल तर ३० दिवसांत मागे घेता येते.

प्रवेशानंतर ४८ तासांत प्राथमिक काळजी-आराखडा तयार व्हायला हवा. त्यात शाकाहारी जेवण, गिळण्याची तपासणी आणि भाषा या गोष्टी लेखी येऊ द्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या पाळीला पोचत नाही. दुभाषा मोफत मिळतो, फोनवरूनही. मागताना 'इंडियन' म्हणू नका, 'मराठी' म्हणा, नाहीतर हिंदी किंवा गुजराती माणूस जोडून देतात आणि सासूबाई नुसत्या मान डोलावतात.

१०० दिवसांचा गैरसमज

१०० हा आकडा हमी नाही, वरची मर्यादा आहे. पहिले २० दिवस मेडिकेअर पूर्ण देतं. २१ ते १०० या दिवसांना रोजचा वाटा तुमचा. २०२५ मध्ये तो दिवसाला २०९.५० डॉलर होता आणि दर जानेवारीला वाढतो. ८० दिवस भरले तर १६,७६० डॉलर. वरचा विमा नसल्याने ही रक्कम सासूबाईंकडूनच जाणार. शिवाय रोज कुशल थेरपीची किंवा नर्सिंगची गरज आहे असं नोंदींत दिसत राहिलं तरच हे दिवस चालू राहतात. नुसती आंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं याला मेडिकेअर 'कस्टोडियल' म्हणतं आणि त्याचे पैसे देत नाही. एक दिवसही नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोणीतरी म्हणेल, "प्रगती थांबली आहे, आता मेडिकेअर बंद." प्रगती थांबली एवढंच कारण पुरेसं नाही. २०१३ च्या जिमो खटल्यातल्या तडजोडीनंतर हे स्पष्ट झालं आहे की स्थिती टिकवण्यासाठी किंवा खालावणं रोखण्यासाठी कुशल थेरपिस्ट लागत असेल तर तेही मेडिकेअरमध्ये बसतं. बंद करण्याआधी किमान दोन दिवस लेखी नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीवरच अपिलाचा फोन नंबर छापलेला असतो आणि सेवा संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत फोन करावा लागतो. नोटीस हातात पडलेल्या दिवशीच फोन करा, मुदतीच्या काठावर जाऊ नका. थेरपिस्टला एवढंच विचारून ठेवा: "थेरपी बंद केली तर काय बिघडेल?" त्याचं उत्तर नोंदींत आलं तर अपिलाला आधार मिळतो.

राज्याकडे कोणत्या क्रमाने जायचं

पहिला फोन काउंटीच्या एजिंग ऑफिसला, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या कार्यालयाला. १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स अॅक्टमध्ये १९७३ साली झालेल्या दुरुस्तीपासून देशभर अशी स्थानिक कार्यालयं आहेत. न्यू जर्सीत २१ काउंट्यांमध्ये प्रत्येकी एक आहे आणि तीच 'एजिंग अँड डिसअॅबिलिटी रिसोर्स कनेक्शन' म्हणूनही काम करतात. नंबर १-८७७-२२२-३७३७, ज्या काउंटीतून फोन कराल तिथे जोडून देतो. (दुसऱ्या राज्यातल्या वाचकांसाठी देशभराचा एल्डरकेअर लोकेटर: १-८००-६७७-१११६.) फोनवर "काय मदत मिळेल?" असं मोघम विचारलंत तर माहितीपत्रकं पाठवतात. असं सांगा: ७४ वर्षं, पक्षाघात, रिहॅबमध्ये, घरी आणायचं आहे, दोघं नोकरीवर. मग चार गोष्टी नाव घेऊन मागा: घरी येणारं जेवण, केअरगिव्हर सपोर्ट, स्टेटवाइड रेस्पिट केअर आणि जॅक. रेस्पिट म्हणजे काळजी घेणाऱ्याला विसावा मिळावा म्हणून काही तास किंवा दिवस दुसरी व्यवस्था. ओल्डर अमेरिकन्स अॅक्टखालच्या सेवांना वय ६० हीच मुख्य अट आहे, उत्पन्नाची अट नाही. मात्र जास्त गरजूंना आधी घेतात आणि प्रतीक्षायादी असते. म्हणून नाव आजच नोंदवायचं, घरी आल्यावर नाही.

जॅक, म्हणजे 'जर्सी असिस्टन्स फॉर कम्युनिटी केअरगिव्हिंग', ही राज्याची स्वतःची योजना आहे. नर्सिंग होमची गरज पडेल इतकी अवस्था आहे, पण मेडिकेडच्या मर्यादेत बसत नाही, अशा घरी राहणाऱ्यांसाठी. मेडिकेडपेक्षा तिची उत्पन्नाची आणि ठेवींची मर्यादा बरीच सैल आहे. उत्पन्नानुसार थोडा वाटा भरावा लागतो. तुमच्यासारख्या मधल्या अवस्थेतल्या घराला हीच सगळ्यात लवकर लागू पडण्याची शक्यता आहे, आणि हिचंच नाव सर्वांत कमी ऐकू येतं.

मोठी मदत मात्र मेडिकेडचीच: न्यू जर्सी फॅमिलीकेअरमधली (राज्याच्या मेडिकेडमधली) 'एमएलटीएसएस' ही दीर्घकालीन देखभालीची योजना, जी २०१४ पासून चालू आहे. इथे दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत आणि दोन वेगवेगळी कार्यालयं. लोक एकीकडे अर्ज करतात आणि दुसरीकडचं आपोआप होईल म्हणून वाट पाहत बसतात.

एक परीक्षा शरीराची. नर्सिंग होमच्या पातळीची गरज आहे का, हे ठरवायला नर्स किंवा सोशल वर्कर घरी किंवा रिहॅबमध्ये येतात. आंघोळ, कपडे, शौचास जाणं, पलंगावरून खुर्चीवर येणं, चालणं-फिरणं, खाणं अशा रोजच्या कामांपैकी तीन किंवा अधिक कामांत प्रत्यक्ष हाताची मदत लागत असेल तर पात्रता मिळते. विस्मरण किंवा बुद्धीवर परिणाम असेल तर त्या तीन कामांत देखरेख आणि सूचना लागणंही पुरतं. रिहॅबमध्ये असताना तिथल्या सोशल वर्करने ही तपासणी मागवायची. घरी असाल तर काउंटीच्या त्याच कार्यालयामार्फत.

मराठी घरात ही परीक्षा नेमकी एका जागी फसते. पाहुणा आला म्हणून सासूबाई नीट बसतील आणि म्हणतील, "करते मी माझं माझं." मुलालाही आईबद्दल परक्यासमोर बोलणं जिवावर येतं. तपासणाऱ्याच्या अर्जात मग 'स्वतंत्र' अशी खूण पडते आणि ती पुसायला महिने जातात. उपाय साधा आहे: तपासणीच्या आधी सात दिवस वहीत लिहा, कोणत्या कामाला कोणी, किती वेळ, कसा हात लावला. "आंघोळीला मदत लागते" हे अपुरं आहे. "टबमध्ये पाय उचलून ठेवावा लागतो, पाठ आणि पाय दुसऱ्याने धुवावे लागतात, दोनदा तोल गेला" हे पूर्ण आहे. चांगल्या दिवसाचं नव्हे, नेहमीच्या दिवसाचं लिहा. दुभाषा मागा, भाषांतराचं काम मुलाने करू नये, कारण तो आईला सांभाळून घेतो.

दुसरी परीक्षा पैशांची. ती काउंटीच्या बोर्ड ऑफ सोशल सर्व्हिसेसकडे. एकट्या व्यक्तीला मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरपर्यंत चालते, आणि मासिक उत्पन्न २०२५ मध्ये २,९०१ डॉलरपर्यंत चालत होतं. भारतातलं निवृत्तिवेतन उत्पन्नात धरतात. भारतातल्या ठेवी, पीपीएफ, बचत खातं, सोनं, जमिनीतला हिस्सा सगळं मालमत्तेत धरतात. "तिकडचं कोणाला कळणार आहे?" हा विचार मनातून काढून टाका: अर्जावरची सही खरेपणाच्या शपथेवर असते. पाच वर्षांची सगळ्या खात्यांची स्टेटमेंट्स मागतात. पुण्याच्या बँकेकडून जुनी स्टेटमेंट्स यायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून ते काम आधी. मोठ्या जमा-खर्चाच्या नोंदीपुढे कारण आणि पावती जोडा. अर्जावर ४५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, पण कागद अपुरे पडले की अर्ज फेटाळून पुन्हा पहिल्यापासून.

फ्लॅटचे पैसे आणि शेजाऱ्यांचा सल्ला

ठेवी मुलाच्या नावावर करणं हा आत्ता सर्वांत महागडा मार्ग ठरेल. अर्जाच्या आधीच्या ६० महिन्यांत मोबदल्याशिवाय दिलेला पैसा मेडिकेड शोधतं आणि त्या रकमेला राज्याने ठरवलेल्या रोजच्या नर्सिंग होम दराने भागतं. हिशोबासाठी दर ४०० डॉलर धरला तर तुमच्या ६०,००० चे १५० दिवस होतात. तेवढे दिवस दीर्घकालीन देखभालीचे पैसे मिळत नाहीत. लोकांना वाटतं हे १५० दिवस फ्लॅट विकला तेव्हापासून मोजले जातील, म्हणजे कधीच संपले. तसं नाही. बाकी सगळ्या अटी पूर्ण झाल्यावर, म्हणजे हातात २,००० डॉलरहून जास्त उरलेलं नसताना, तिथून मोजणी सुरू होते. आता ठेवीही दिल्या तर त्यात आणखी दिवस पडतील.

मग करायचं काय? तीन वाटा आहेत. तुम्ही मिळालेली रक्कम पूर्ण परत केलीत तर दंडाचा काळ टळू शकतो. पण परत आलेले पैसे त्यांची मालमत्ता ठरतात आणि आधी त्यांच्याच देखभालीवर खर्च व्हावे लागतात. दुसरी वाट, व्यवहाराला पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत, म्हणजे अजून तीन वर्षं, जॅक आणि स्वतःच्या पैशांवर निभावणं. तिसरी, तो पैसा देण्यामागे मेडिकेडचा काहीच संबंध नव्हता हे पुराव्याने दाखवणं: तेव्हाची प्रकृती, तेव्हाचे ईमेल, घराची कागदपत्रं. ही तिसरी वाट अरुंद आहे. यातली कोणती हे ठरवायला एल्डर लॉचा, म्हणजे ज्येष्ठांशी संबंधित कायद्याचा, वकील लागतोच. एका बैठकीचे पैसे १५० दिवसांच्या बिलापुढे काहीच नाहीत. इमिग्रेशनचा ओळखीचा वकील यासाठी चालत नाही.

पुण्यातल्या नऊ लाखांचं तसं अवघड नाही. ते सासूबाईंसाठीच खर्च करा आणि पावत्या ठेवा: २१ व्या दिवसानंतरचा रोजचा वाटा, दात, श्रवणयंत्र, न्हाणीघरातले कठडे, व्हीलचेअर, वकिलाची फी, मागे न घेता येणारा अंत्यविधीचा प्रीपेड करार. मुलाला किंवा सुनेला देखभालीचा मोबदला द्यायचा असेल तर आधी लेखी करार, बाजारभावाचा दर आणि तासांची नोंद लागते. मागच्या महिन्यांचे पैसे एकरकमी दिले तर ती भेटच धरतात.

आणखी एक गाठ: यजमानांनी ग्रीन कार्डच्या वेळी आय-८६४, म्हणजे आईच्या आर्थिक आधाराची हमी देणारा फॉर्म, भरला असणार. सासूबाईंची पाच वर्षांची मेडिकेडची प्रतीक्षा संपली आहे, पण स्पॉन्सरचं उत्पन्न आणि मालमत्ता त्यांच्या नावाने मोजण्याची तरतूद फेडरल कायद्यात आहे. ती नागरिकत्व मिळाल्यावर किंवा कामाच्या ४० तिमाह्या भरल्यावर संपते. २०१८ चं ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज आत्ताही करता येईल, भारतात सलग सहा महिन्यांहून जास्त मुक्काम झाला नसेल तर. पक्षाघातामुळे इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा देणं शक्य नसेल तर एन-६४८ हा डॉक्टरांचा दाखला असतो. निदान, ते किमान बारा महिने टिकणारं आहे ही नोंद, आणि त्या आजारामुळे शिकणं किंवा आठवणं का शक्य नाही याचा थेट संबंध त्यात लिहावा लागतो. 'वय झालं आहे' या कारणावर तो परत येतो. मेडिकेडचा अर्ज आधी की नागरिकत्वाचा, हे दोन्ही वकिलांनी एकमेकांशी बोलून ठरवू द्या.

आणि सही चालते आहे तोवर पॉवर ऑफ अॅटर्नी करून घ्या. उजवा हात लुळा असला तरी समजून संमती देता येत असेल तर डाव्या हाताची खूणही चालू शकते. नोटरी हॉस्पिटलात येतो. आरोग्याच्या निर्णयांसाठी प्रतिनिधी नेमणारा कागद वेगळा, त्याला दोन साक्षीदार किंवा नोटरी. पुण्याच्या बँकेसाठी तिसरा, भारतीय वकिलाने लिहिलेला. हे राहिलं आणि दुसरा झटका आला तर कोर्टातून पालकत्व मिळवावं लागतं, त्यात वेळही जातो आणि पैसाही.

घरी आल्यावर

मेडिकेड मिळालं की एक आरोग्ययोजना निवडावी लागते आणि तिचा केअर मॅनेजर तास ठरवतो. न्यू जर्सीत पर्सनल केअर असिस्टंट (घरी येऊन रोजच्या कामांत मदत करणारा) आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास मिळतो. सुरुवातीला कमीच देतात, तेव्हा ती सात दिवसांची वही पुन्हा कामी येते. 'पर्सनल प्रेफरन्स प्रोग्रॅम' घेतला तर तेच तास पैशांच्या रूपात मिळतात आणि माणूस तुम्ही निवडता, नातेवाईकही चालतो. फक्त सासूबाईंच्या वतीने व्यवहार पाहणारा आणि पगार घेणारा एकच असू शकत नाही. म्हणजे यजमान प्रतिनिधी राहिले तर तुम्ही किंवा नणंद काम करू शकता. त्याशिवाय मेडिकल डे केअर आहे: सकाळी गाडी नेते, नर्स असते, जेवण देतात, दुपारी परत आणतात. तुमच्या काउंटीत गुजराती-मराठी वयस्कांची गर्दी असलेली, शाकाहारी जेवण देणारी केंद्रं आहेत. तोंडातून शब्द फुटत नसताना आपल्या भाषेतली माणसं आजूबाजूला असणं हे थेरपीइतकंच उपयोगी पडतं, म्हणून नोकरीच्या वेळेत आम्ही घरच्या एडपेक्षा डे केअरला झुकतं माप देऊ.

खासगी बाई ठेवणार असाल तर एजन्सीमार्फत ठेवा. न्यू जर्सीत होम हेल्थ एडला ७६ तासांचं प्रशिक्षण आणि बोर्ड ऑफ नर्सिंगचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र चालू आहे का हे राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्सच्या संकेतस्थळावर नाव टाकून दिसतं. भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या मावशींना रोख पैशांवर ठेवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळालाच असेल. तो व्हिसा कामाची परवानगी देत नाही. मावशींना पुढे व्हिसा नाकारला जाऊ शकतो, त्या घरात पडल्या तर विमा नसतो, आणि रोख दिलेल्या पैशांची पावती नसल्याने मेडिकेडला तो खर्चही दाखवता येत नाही.

तक्रारीची वेळ आली तर ती योग्य ठिकाणी जायला हवी. नर्सिंग होममध्ये बेल वाजवूनही कोणी येत नाही, जेवण चुकीचं देतात, अचानक "घेऊन जा" म्हणतात: लाँग-टर्म केअर ऑम्बुड्समन (रहिवाशांच्या तक्रारी पाहणारं राज्याचं कार्यालय), १-८७७-५८२-६९९५. त्यांची सेवा मोफत असते आणि रहिवाशाच्या परवानगीशिवाय नाव उघड करत नाहीत. जखम, चुकीचं औषध, माणसं कमी: आरोग्य विभागाची तक्रार लाइन, १-८००-७९२-९७७०, निरीक्षक पाठवण्याचा अधिकार त्यांना आहे. मेडिकेअरचे हप्ते, अपील, वरचा विमा: राज्याचं शिप (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सेवा), १-८००-७९२-८८२०, तेही मोफत. संस्थेच्या व्यवस्थापकाशी आधी बोला, पण तारीख-वेळ लिहून ठेवूनच.

राहिली तुमची नोकरी. फेडरल कौटुंबिक रजेच्या कायद्यात सासू-सासरे येत नाहीत, आणि बऱ्याच कंपन्यांचे एचआर तेवढंच सांगून मोकळे होतात. न्यू जर्सीच्या फॅमिली लीव्ह इन्शुरन्समध्ये मात्र सासूबाई 'कुटुंब' आहेत. १२ महिन्यांत १२ आठवडे, सरासरी साप्ताहिक वेतनाच्या ८५ टक्के, राज्याने ठरवलेल्या कमाल रकमेपर्यंत. सलग नको असेल तर ५६ सुटे दिवसही घेता येतात. हा हक्क प्रत्येक कमावत्याचा वेगळा, म्हणजे यजमानांचे १२ आठवडे वेगळे. अर्ज रजा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत, डॉक्टरांच्या दाखल्यासह, राज्याकडे करायचा असतो. नोकरी राखून ठेवण्याचा कायदा निराळा आहे आणि त्यात कंपनीच्या आकाराची अट आहे, ती एचआरकडून लेखी विचारून घ्या.

ही रजा रिहॅबच्या काळात संपवू नका. तिथे माणसं आहेत. आई यजमानांची, तेव्हा घरी आल्यावरचे पहिले सलग आठवडे त्यांनी घ्यावेत, आणि तुम्ही तुमचे सुटे दिवस काळजी-आराखड्याची बैठक, घरची तपासणी, काउंटीतली भेट आणि डॉक्टरांच्या तारखांसाठी राखून ठेवावेत.